गाठीच्या आत काय चाललंय?

जेवताना ऐकत असाल तर आधी जेवण उरका. विषय आहे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची गाठ.

ही गाठ वाढते तेव्हा दोन गोष्टी घडतात. गाठ इतकी भराभर वाढते की रक्तपुरवठा मागे पडतो, आणि आतल्या पेशी मरायला लागतात. दुसरं म्हणजे गाठीच्या कडेला आपल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, म्हणजे दाह. गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे फिर्खोवनं 1863 सालीच सांगितलं होतं.

आता गंमत बघा. दाह म्हटलं की आपल्याला वाईटच वाटतं. आणि वर्षानुवर्षं आतड्याला सूज असेल, अल्सरेटिव्ह कोलायटिससारखी, तर कॅन्सरचा धोका खरंच वाढतो. पण कॅन्सर झाल्यावर गाठीच्या कडेला पांढऱ्या पेशींची दाट फळी दिसली, तर ते सहसा चांगलं लक्षण असतं. शरीर लढतंय ना! उलट गाठीचा मोठा भाग मेलेला असेल, किंवा रक्तातलं सीआरपी सतत चढलेलं असेल, तर आजार जास्त आक्रमक असण्याची शक्यता असते. अर्थात उपचार आजही मुख्यतः स्टेजवरच ठरतात. या खुणा जोडीला.

हे सगळं दिसतं मायक्रोस्कोपखाली. आणि इथं हेमलकसा आठवतं. 1973 साली तिथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया लोकांसाठी दवाखाना उभा केला. पण तिथून नागपूर तीनशेहून जास्त किलोमीटर, पावसाळ्यात नाले भरले की रस्ताच बंद. अशा भागातून काढलेला तुकडा तपासणीला पाठवायचा, तर तो लगेच भरपूर फॉर्मेलिनमध्ये बुडवावाच लागतो. साध्या सलाईनमध्ये किंवा कोरडा राहिला तर तो वाटेतच सडायला लागतो. मग पॅथॉलॉजिस्टनं कसं ओळखायचं, पेशी पोटात मेल्या की एसटीत?

तुकडा नातेवाइकांच्या हातीच देतात बरेचदा. तेव्हा बरणी हातात घेतानाच विचारा, 'यात फॉर्मेलिन आहे ना?' झाकण घट्ट आहे का, नाव लिहिलंय का, तेही बघा. वास घ्यायला जाऊ नका मात्र, डोळे झोंबतात.

आणि शौचातून रक्त जातंय, वजन उतरतंय, तर 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन्‌महिने काढू नका. घरातल्या मोठ्यांनाही विचारा. ते आपणहून सांगत नाहीत.