आखलेला बेत आणि देवाचा हेतू



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात काही ना काही बेत आहे. कुणाला खोपोलीच्या कंपनीत लागायचे आहे, कुणाला कर्जतची लोकल पकडून पुढच्या शिक्षणासाठी मुंबई गाठायची आहे. बेत जरूर आखा, मेहनतही करा. फक्त तो बेत मोडला, तर देवानेच आपल्याला सोडले असे समजू नका.

याचे एक उदाहरण पाहा. कर्जतहून घाट चढणारा लोहमार्ग पुणे ओलांडून केडगावला जातो. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. 1883 मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायच्या निश्चयाने. बहिरेपणामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 1889 मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले, ते मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी. पुढे 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या. त्यांचे स्वतःचे आईवडील आणि बहीणही आधीच्या एका दुष्काळाच्या दिवसांतच गेले होते. ती भूक त्यांच्या ओळखीची होती. त्या मुलींना त्या घेऊन आल्या, आणि केडगावच्या शेतजमिनीवर मुक्ती उभी राहिली. तिथे जात विचारली जात नव्हती.

दुष्काळ देवाने धाडला, असे मी कधीच म्हणणार नाही. पण रमाबाईंचे जुने दुःख त्याने वाया जाऊ दिले नाही, हे मी ठामपणे म्हणतो.

देवावर भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. मुक्तीतल्या मुली छपाईचे खिळे जुळवत, पाने छापत. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी आणि त्यांचा उजवा हात असलेली मनोरमा वारली. तरी त्यांनी काम खाली ठेवले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या स्वतः गेल्या. मुक्तीचे काम आजही चालू आहे.

गेथशेमाने बागेत आपल्या प्रभूनेही आधी मनातले दुःख पित्यापुढे मोकळे केले आणि मग त्याची इच्छा स्वीकारली. तुम्हीही रडा, विचारा, भांडा. पण प्रार्थना सोडू नका.

आणि देवाचा हेतू दूर कुठे शोधत बसू नका. पावसाळा सरला की आपल्या कडावच्या आसपासच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटते. तुमच्यातला एखादा त्या मुलांचा शिक्षक होईल, एखादी त्यांच्या आयांची परिचारिका होईल. आज हे तुमच्या बेतात नसेलही. पण उद्या असे कुणी समोर उभे राहिले, तर त्याला वाटेतला अडथळा समजू नका. थांबा, त्याचे नाव विचारा आणि कामाला लागा.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.