तांब्याच्या पत्र्यावरचा दरबार



चित्रकलेवर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह. मी बोलणार आहे ती तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांबद्दल.

इंग्लंडात टर्नर नावाचा थोर निसर्गचित्रकार होऊन गेला. डोंगर, नद्या, समुद्र यांची त्याची ‘लिबर स्टुडिओरम’ ही चित्रमाला १८०७ पासून १८१९ पर्यंत निघाली. योजली होती शंभर चित्रे, निघाली एकाहत्तर. बहुतेक पत्र्यांवर रेषा तो स्वतः तेजाबाने उठवी. छायेसाठी मात्र निराळी रीत, मेझोटिंट. तिच्यात दातेरी हत्याराने पत्रा सगळा खरखरीत करतात. तसाच शाई लावून छापला तर कागद काळाकुट्ट! मग जिथे उजेड हवा तिथे खरवडायचे, घोटायचे. चुलीवरचे काजळलेले पातेले राखेने घासताना तांबे जसे उजळत येते, तसे चित्र अंधारातून वर येते. आपल्या हातांना ही कला अगदीच परकी नाही म्हणा.

या मालेतले सुरुवातीचे मेझोटिंटचे काम चार्ल्स टर्नर याचे. नात्याने कोणी नव्हे, आडनाव तेवढे एक. आणि त्याच १८०७ साली, त्याच कारागिराच्या हातून, आपल्या शनिवारवाड्यातला सवाई माधवरावांचा दरबार छापून निघाला! प्रसंग १७९० च्या टिपूविरुद्धच्या तहाचा. इंग्रजांचा वकील मॅलेट पेशव्यांपुढे आहे.

मूळ तैलचित्र थॉमस डॅनियलचे, १८०५ चे. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. डॅनियल त्या दरबारात नव्हता. त्याने जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा आधार घेतला, आणि वेल्सही पुण्यात आला तो तहानंतर, १७९२ साली. वेल्सची थोरली मुलगी सुझॅना १७९९ मध्ये मॅलेटला दिली. म्हणजे जावयाच्या पराक्रमाचे चित्र सासऱ्याच्या कागदांवरून तयार झाले! तेव्हा त्यातला मॅलेटचा थाट जरा हातचा राखूनच घ्यावा.

चेहऱ्यांवर मात्र विश्वास ठेवावा. पेशवे आणि नाना फडणवीस यांना वेल्सने पुण्यात समोर बसवून रंगवले होते. त्याच्याबरोबर काम करणारा गंगाराम तांबट तर पुण्याचाच. त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. आडनावातच तांबे, पण तांब्याच्या पत्र्यावर दरबार कोरला तो लंडनच्या कारागिराने.

१८२८ च्या आगीत वाड्याचे आतले महाल जळाले. आज तिथे जोती दिसतात. पुढल्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा या चित्राची प्रत बरोबर न्या, आणि त्या जोत्यांवर उभ्या राहून ती उघडा.