जुलाबाची कडू मुळी आणि रक्तातली साखर

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकीने पिशवीतून डबी काढली. म्हणाली, "चायनाची जडीबुटी आहे, भावाने मुंबईहून आणली. पंधरा दिवस झाले, शुगरच्या गोळ्या बंद केल्यात." तिला शुगर होऊन सहा वर्षं झाली. डबीवरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता येईनात. म्हणून आज या चिनी औषधांविषयी बोलते. ती सगळी थाप असती तर दोन वाक्यांत काम झालं असतं. तसं नाही, म्हणून जरा नीट ऐका.

चीनमध्ये हुआंगलियान नावाची मुळी आहे. आतून पिवळीजर्द आणि इतकी कडू की तिच्यावरून म्हणच पडली: मुक्याने हुआंगलियान खाल्ली, कडू लागली तरी सांगता येईना. आपलं 'तोंड दाबून बुक्क्यांचा मार' तसंच की! ही मुळी तिकडे शेकडो वर्षं जुलाबावर देतात. तिच्यातल्या पिवळ्या द्रव्याचं नाव बर्बेरीन. आपल्या दारुहळदीतही ते असतं. १९८०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की मधुमेह असलेल्यांना जुलाबासाठी बर्बेरीन दिलं, की त्यांची साखरही उतरते.

आता कोडं असं की हे बर्बेरीन पोटातून रक्तात फारच थोडं जातं. मग रक्तातली साखर उतरते कशी? उत्तराचा बराच भाग आतड्यात आहे. तिथे अब्जावधी जिवाणू राहतात. विरजणातले जिवाणू दुधाचं दही करतात, तसे हे आपल्याला न पचलेला चोथा आंबवतात. त्यातून जी आम्लं तयार होतात ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि साखर ताब्यात ठेवायला मदत करतात. मधुमेहात या चांगल्या जिवाणूंची संख्या बऱ्याचदा घटलेली दिसते.

२०१५ साली चिनी संशोधकांचा एक अभ्यास छापून आला. १८७ रुग्णांना बारा आठवडे एक जुना काढा दिला, हुआंगलियान धरून चार वनस्पतींचा. काहींना जास्त, काहींना मध्यम, काहींना कमी आणि काहींना नुसताच काढ्यासारखा दिसणारा. जास्त आणि मध्यम मात्रेवाल्यांची साखर उतरली. मला महत्त्वाचं वाटलं ते हे: आतड्यातले जिवाणू आधी बदलले, साखर मागाहून उतरली.

२०२० साली आणखी मोठा अभ्यास आला, ४०९ नव्या रुग्णांचा. बर्बेरीन घेणाऱ्यांचा तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सुमारे एकाने उतरला. खोटं औषध घेणाऱ्यांचाही सुमारे ०.६ने उतरला होता! म्हणजे औषधाचा खरा फायदा ०.४चा. शिवाय पोटाच्या तक्रारी जास्त. आतड्यातला एक जिवाणू पित्तरसात जो बदल घडवतो तो बर्बेरीन रोखतं, असं त्यात दिसलं.

पण ही मोजून-मापून दिलेली औषधं होती. डबीत काय आहे, कोण सांगणार? साखर झपाट्याने उतरवणाऱ्या काही 'जडीबुटी' पुड्यांत शुगरचीच गोळी कुटून घातलेली सापडली आहे. वर आपली गोळी घेतली तर साखर एकदम खाली जाते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. तेव्हा लगेच साखरपाणी द्यायचं आणि दवाखाना गाठायचा. बर्बेरीन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी तर घेऊच नये, बाळाची कावीळ बळावू शकते. आणि जिवाणूंना खाऊ घालायचं तर भाकरी, मटकी, पालेभाजी घरातच आहे, त्याला चीनला जायला नको.

आमच्या मैत्रिणीला आशाताईंनी दवाखान्यात नेलं. उपाशीपोटीची साखर २६० निघाली. गोळ्या त्याच दिवशी परत सुरू झाल्या. डबी डॉक्टरांनी उलटीसुलटी करून पाहिली, वाचता त्यांनाही आली नाही. येत्या मंगळवारी परत तपासणी आहे, मी तिच्यासोबत जाणार आहे.