सार्वजनिक पद आणि देणगीची पावती



लोकशाहीतील लोकसेवकांचे उत्तरदायित्व या विषयावर मला बोलावयाचे आहे. कापड दुकानदाराने राज्यशास्त्र सांगणे धाडसाचे होईल. हिशेबाच्या वहीपुरते मात्र बोलतो.

आमच्या तरुणपणी सिमेंट परमिटवर मिळे. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातील भाव यांत मोठी तफावत असे. १९८० साली मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' हा न्यास उभारला. ऑगस्ट १९८१ मध्ये अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये त्याच्या देणग्यांवर प्रश्न उपस्थित केले. लोकायुक्त कायदा राज्यात १९७१ पासून होता, पण मुख्यमंत्री त्याच्या कक्षेबाहेर होते! प्रकरण उच्च न्यायालयात गेले. बांधकाम व्यावसायिकांच्या देणग्या आणि त्यांना मिळालेले सिमेंट यांचा संबंध न्यायमूर्ती लेंटिन यांनी जानेवारी १९८२ मध्ये ग्राह्य धरला आणि मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले. फौजदारी खटला मात्र पुढे अनेक वर्षे कायद्याच्या मुद्द्यांत अडकला. अंतुले नंतर केंद्रात मंत्रीही झाले.

पैसा खिशात नव्हे, न्यासात गेला, असे समर्थन तेव्हा ऐकू येई. मला ते पटत नाही. परमिट मुख्यमंत्र्यांच्या मालकीचे नव्हते. घराची भिंत अर्धवट ठेवून रांगेत थांबलेल्या माणसाचा वाटा त्यात होता. त्याच्या वाट्याच्या मोबदल्यात आलेली रक्कम, पावती कितीही पक्की असो, दान कशी ठरेल?

आणि देणारे कोण होते? आपल्यासारखेच व्यापारी. आपल्या शास्त्रकारांनी अचौर्य व्रताच्या अतिचारांत 'विरुद्धराज्यातिक्रम' सांगितला आहे, म्हणजे राज्याचे नियम डावलून केलेला व्यवहार. अधिकाऱ्याला दोष देताना आपण हा अतिचार सोयीस्करपणे विसरतो. साहेबांनी सुचविलेल्या कार्यक्रमाला वर्गणी देऊन अडलेली फाईल पुढे सरकवणे हा त्याच जातीचा व्यवहार आहे, रक्कम तेवढी लहान.

सार्वजनिक न्यासांच्या १९५० च्या कायद्याने आपल्या ट्रस्टलाही दरवर्षी लेखापरीक्षण बंधनकारक आहे. ते कागद कपाटात राहतात. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून देणगीदारांची यादी व लेखापरीक्षित हिशेब सभागृहाच्या फलकावर लावावेत, तसेच एखाद्या अधिकाऱ्याच्या किंवा लोकप्रतिनिधीच्या सांगण्यावरून आलेली देणगी स्वीकारू नये, अशी सूचना मी विश्वस्त मंडळापुढे मांडतो. येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत तिचा समावेश व्हावा.