काठ विणणारे हात
(सुवर्णमहोत्सवाच्या पूर्वतयारीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत आम्ही एका लहानशा कलेविषयीं बोलणार आहोंत, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. परंतु या कलेनें आमचा एक दोष आमच्या पदरांत घातला आहे. म्हणून तिची हकीकत प्रथम सांगणें उचित होय.

विणकाम म्हटलें कीं माग व धोटा डोळ्यांपुढें येतात. तथापि युरोपांत मोठ्या मागावांचून अरुंद पट्टे विणण्याची एक प्राचीन रीत आहे. लाकडाच्या किंवा हाडाच्या पातळ चौकोनी फळ्या घेऊन प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांस छिद्रें पाडावयाचीं, प्रत्येक छिद्रांतून ताण्याचा एक धागा ओवावयाचा, आणि धाग्यांचें एक टोक खुंटीस व दुसरें कमरेस बांधून ते ताणून धरावयाचे. फळ्या पाव फेरा फिरविल्या कीं धाग्यांमध्यें वाट पडते. तींतून बाण्याचा धागा घालून ठोकावयाचा, आणि पुनः फिरवावयाच्या. यामुळें प्रत्येक फळीच्या चार धाग्यांस दोरीसारखा पीळ बसतो व पट्टा अरुंद असूनहि फार बळकट होतो. मात्र एकाच दिशेस फिरवीत गेल्यास फळ्यांच्या पलीकडे पीळ सांचून काम अडतें. तेव्हां विणणारीस फळ्या उलट फिरवाव्याच लागतात.

नॉर्वे देशांत ओसेबर्ग येथें १९०४ सालीं एक जहाज खणून काढण्यांत आलें. इ. स. ८३४ मध्यें दोन स्त्रियांसमवेत पुरलेल्या त्या जहाजांत अशा ५२ फळ्या सांपडल्या; धागे ओवलेले, पट्टा अर्धवट राहिलेला.

इंग्लंडांत राणी एल्फ्लेड हिनें विंचेस्टरचे बिशप फ्रिथस्टान यांच्याकरितां इ. स. ९०९ ते ९१६ या काळांत सोन्याच्या तारेनें भरलेला स्टोल करविला. पुढें तो संत कथबर्ट यांच्या कबरेंत गेला, १८२७ सालीं ती उघडली तेव्हां बाहेर आला, व आज डरहॅम येथील कॅथीड्रलांत आहे. त्याच्या कडांस फळ्यांवर विणलेली किनार आहे. स्टोलावर राणीचें नांव आहे, बिशपांचें नांव आहे. ज्या हातांनीं किनार विणली, त्यांचें नांव नाहीं.

बंधुभगिनींनो, आमच्या स्मरणिकेकरितां उपकारकर्त्यांची यादी आम्हीं स्वतः केली. तींत देणगीदार आले, गवंडी आले, पूर्वींचे धर्मगुरु आले. पन्नास वर्षें वेदीचीं वस्त्रें ज्यांनीं शिवलीं व धुतलीं, त्या भगिनींपैकीं एकीचेंहि नांव आम्हांस आठवलें नाहीं. यादी वाचून दाखविली तेव्हां एका वृद्ध भगिनीनें हळूच विचारलें, “फादर, माझ्या आईनं शिवलेला स्टोल घालून तुम्ही मिस्सा करतां, तिचं नांव कुठल्या पानावर आहे?” आम्हांपाशीं उत्तर नव्हतें.

म्हणून फळ्या उलट फिरविण्याची पाळी आतां आमची आहे. यादी आम्हीं छापखान्यांतून परत आणविली आहे. ज्यांच्या घरीं अशा भगिनींची आठवण असेल, त्यांनीं येत्या रविवारपर्यंत नांवें कळवावीं. ज्यांचीं नांवें कोणासच ठाऊक नाहींत, त्यांच्यासाठीं महोत्सवाच्या दुसऱ्या दिवशींची मिस्सा आम्ही अर्पण करूं.

देवाच्या वहींत तीं नांवें पूर्वींच लिहिलेलीं आहेत. आमच्या वहींत तीं नव्हतीं, याची आम्ही आपणां सर्वांसमक्ष क्षमा मागतों. परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.