गोष्ट सांगणाऱ्या मुली

(शाहूपुरी, कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



ज्यांच्या नावाने ही शाहूपुरी वसली, त्या शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुली शाळेत आल्या. पण वर्गात त्या बोलतात का?

कथाकथन आपल्याला नवे नाही. याच जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, त्यांच्याबरोबर मिरासदार आणि माडगूळकर यांनी गावोगाव गोष्टी सांगितल्या. प्रकाशभाई मोहाडीकरांनी सुरू केलेल्या साने गुरुजी कथामालेने गोष्ट शाळांत नेली. तरी बहुतेक ठिकाणी काय होते? पाहुणे येतात, गोष्ट रंगवतात, टाळ्या घेऊन जातात. मुले ऐकणारीच राहतात.

म्हणून आम्ही एका शाळेत गोष्टी सांगणाऱ्या मावशींना ओळीने आठ शनिवार बोलावले. अट एकच, मावशींनी थोडे सांगायचे आणि मुलांनी जास्त. पहिल्या शनिवारी मुलग्यांचे हात वर, मुलींच्या माना खाली. एक म्हणाली, "मला गोष्ट येत नाही."

मावशींनी विचारले, "श्रावणात घरी कहाणी कोण वाचतं?"

"आजी."

"मग तीच सांग. पुस्तक मात्र नको."

पाठांतर नव्हतेच. गोष्टीतले पाच प्रसंग पाच बोटांवर ठेवायचे आणि आपल्या शब्दांत सांगायचे. आधी शेजारणीला, मग चौघींना, मग वर्गाला.

पाचव्या शनिवारी ती मुलगी उभी राहिली. आवडती-नावडतीची कहाणी सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "राजाला कुणी विचारलंच नाही, दुसरी का आणलीस?" तिच्या कहाणीत नावडतीने राजाचा रथ परत पाठवला. वर्ग चिडीचूप.

मला इतका आनंद झाला, की मी तिला लगेच हुंड्यावर गोष्ट करायला सांगितली. मावशींनी मला बाजूला घेतले. "ती आत्ता कुठं स्वतःचं बोलायला लागलीय. तिच्या तोंडात तुमचं भाषण कशाला घालता?" समाजकार्याची पदवी घेऊनही हे मला मावशींकडून शिकावे लागले.

दुसरी चूक अधिक महागात पडली. एका मुलीने मार खाणाऱ्या काकूची गोष्ट सांगितली. वर्गातच एका शिक्षकांनी विचारले, "हे तुझ्या घरचं का?" ती खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. आम्हीही हे आधी शिक्षकांशी बोललो नव्हतो.

तेव्हा तुमच्या गावी कथाकार बोलावताना एवढे ठरवून घ्या. गोष्ट खरी का, हे चारचौघांत कोणी विचारायचे नाही. काळजी वाटली तर विश्वासातल्या बाईंनी मुलीला नंतर एकटीला भेटायचे. "कुणाला सांगणार नाही" असे वचन मात्र द्यायचे नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या कायद्याने बंधनकारक आहे. १०९८ हा क्रमांक वर्गात लिहून ठेवा.

आणि पाहुण्यांना एकाच कार्यक्रमासाठी बोलावू नका. पहिल्या शनिवारी मान खाली घातलेली मुलगी बोलायला पाच शनिवार लागले. तेवढा वेळ आपण तिला देणार आहोत का, एवढेच मला विचारायचे आहे.