साठीतले गणिताचे मास्तर



बुद्धिदात्या गणरायासमोर आज आपण एका शाळामास्तरांची आठवण काढू या. 'साठी बुद्धी नाठी' असे आपण सहज म्हणून जातो. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराच्या योहान बाल्मर यांनी ही म्हण खोटी ठरवली.

बाल्मर मुलींच्या शाळेत गणित शिकवीत. चमकणाऱ्या हायड्रोजन वायूचा प्रकाश लोलकातून पाहिला, तर सलग पट्टा न दिसता सुट्या रंगीत रेषा दिसतात. त्यांतील चार रेषांची तरंगलांबी स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांनी बारकाईने मोजली होती. पण त्या आकड्यांमागचा नियम सापडत नव्हता. बाल्मर यांनी कागदावर आकडेमोड करून ३६४५.६ ही संख्या काढली. तिला ९/५, १६/१२, २५/२१, ३६/३२ यांनी गुणले की चारही तरंगलांबी मिळतात. अंश म्हणजे ३, ४, ५, ६ यांचे वर्ग. त्यांतून ४ वजा केले की छेद! मग पुढची रेषा ४९/४५ ची हवी. ती आधीच दिसलेली आहे, असे बाझेलच्याच प्राध्यापक हागेनबाख यांनी त्यांना सांगितले.

हे सूत्र १८८५ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा बाल्मर साठीचे होते. ते १८९८ साली वारले. सूत्रामागचे कारण नील्स बोर यांनी अणूच्या रचनेवरून उलगडले, ते १९१३ साली.

आपल्या मंडळातही निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना आपण शाल-श्रीफळ देतो, काम मात्र देत नाही. यंदा मुलांचा गणिताचा वर्ग त्यांच्याकडे सोपवू या.

गणपती बाप्पा मोरया!